सोटा नव्हे, स्वॉट!

"महिन्याभरात समोरच्या लाँड्रीचं शटर खाली आलं नाही, तर नाव बदलेन!" इस्त्रीवाल्या वहिनींनी बाह्या सरसावत जाहीर केलं.

"कुणाचं? दुकानाचं की तुझं?" नवऱ्याने मरगळल्या आवाजात विचारलं.

बिचाऱ्याची चूक नव्हती. समोर काचेच्या दारामागे दोन मशिनं घरघरू लागल्यापासून अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली होती. "विकून टाकू दुकान, मी कुठेतरी नोकरी धरतो," असं तो काल म्हणाला, आणि वहिनींनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. याच टेबलाशी उभ्या राहून सासूबाईंनी संसार ओढला होता. त्यांच्या हातची घडी अशी, की शर्ट आत माणूस नसतानाही ताठ उभा राहील!

पण वहिनी काल फोनवर एक व्हिडिओ बघून शहाण्या झाल्या होत्या. स्वॉट! चार चौकोन आखायचे: बळ, कमजोरी, संधी, धोका. प्रत्येक उपाय त्यात बसवून बघायचा, की धंदा ताळ्यावर.

एवढा मोठा कागद कुठला? इमारतीचा वॉचमन रोज पांढऱ्या टेबलक्लॉथचा गठ्ठा टाकून जायचा. (वॉचमनच्या घरी इतकी टेबलं कशी, हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं.) त्यातलाच एक वहिनींनी दोरीवर ताणला आणि कपड्यांवर खुणा करायचं पेन उचललं.

"पहिला उपाय, आपलं मशीन. बळ?"

"झटपट धुणं."

"कमजोरी?"

"जागा नाही. आईला फुटपाथवर उभं करावं लागेल."

"बरं, घरपोच सेवा. बळ?"

"सायकल आहे."

"कमजोरी?"

"ब्रेक नाही."

"आणि चालवणार तुम्ही! म्हणजे धोकाही तिथेच!" वहिनींनी लिहून टाकलं.

सासूबाईंना जरा कमीच ऐकू यायचं. त्यांनी वाफेतून मान वर काढली. "काय चाललंय गं?"

"स्वॉट काढतेय, आई! समोरच्यासाठी!"

"सोटा?" म्हातारीचे डोळे चमकले. "काढ, काढ! मी कधीची वाट बघतेय!"

तेवढ्यात साड्या न्यायला शाळेतल्या बाई आल्या. सासूबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं, "आमची सून आज समोरच्यावर सोटा काढणार आहे!" बाईंनी ते शिंप्याला सांगितलं. शिंप्याने एकाचे दोन सोटे केले. चहाच्या टपरीपर्यंत बातमी पोचली तेव्हा वहिनींचे चार धिप्पाड भाऊ ट्रकमधून निघालेसुद्धा होते! वहिनींना सख्खा भाऊ एकच, तोही सुईला घाबरणारा.

आणि दुपारी खडखडाट झाला. समोरचं शटर अर्धं खाली!

"बघितलंत?" वहिनी जागच्या जागी उडाल्या. "नुसते चौकोन आखले तर ही तऱ्हा!"

अर्ध्या शटरखालून लाँड्रीवाला वाकून बाहेर आला. डोक्यावर हेल्मेट! रस्ता ओलांडून तो दारातच थांबला.

"वहिनी, मारामारी नको. सोटा कुठे ठेवलाय तेवढं सांगा."

"कसला सोटा?"

"तो नंतर," सासूबाईंनी गरम इस्त्री उचलली. "आधी ही बघ."

"आजी, थांबा! सगळं खरं सांगतो!" लाँड्रीवाला एका दमात बोलत सुटला. "माझं मशीन धुतं झकास, पण तुमच्यासारखी घडी आमच्यात कुणालाच जमत नाही. हॉटेलचे टेबलक्लॉथ मीच वॉचमनच्या हातून गुपचूप तुमच्याकडे पाठवतो! हॉटेलवाला खूश आहे तो तुमच्या घडीवर, आजी. आजपासून उघड करू. धुणं माझं, इस्त्री सगळी तुमची. ट्रक तेवढा परत पाठवा!"

सासूबाईंनी इस्त्री हळूच खाली ठेवली, आपल्या तळहातांकडे पाहिलं आणि भरदुपारी पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या.

नवरा भारावलेल्या आवाजात म्हणाला, "हे कुठल्या चौकोनात बसतं गं?"

"बळात!" वहिनींनी पुन्हा पेन उचललं. "आई म्हणजेच आपलं बळ! लिहायचंच राहिलं बघा!" दुकान विकायची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

लाँड्रीवाल्याने निर्धास्तपणे हेल्मेट काढलं. मग त्याची नजर दोरीकडे गेली. 'धोका' या चौकोनात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'समोरचा टकल्या'.

त्याने हळूच डोक्यावरून हात फिरवला. "वहिनी, हा टेबलक्लॉथ तर हॉटेलचा… शाई जाईल ना?"

"न जायला काय झालं!" वहिनी छातीठोकपणे म्हणाल्या. 'आमची खूण जन्मात जात नाही' ही मागची पाटी त्यांनी पाठीनेच झाकली होती.

भागीदारीतलं पहिलं धुणं तेच. मशीन अजून फिरतंय.