मल्हूची मिशी आणि महाराजांचं लिंबू

एका जंगलात एक मिशी होती. मिशीच्या मागे एक रानबोका होता. त्याचं नाव मल्हू.

हसू नका, मुलांनो. आधी मिशी आणि मग बोका, असाच त्या जंगलातला क्रम होता. तो मी लावलेला नाही. मी फक्त गोष्ट सांगतोय.

मल्हू सरकारी कोठारावर पहारेकरी होता. कोठार म्हणजे डोंगरातली एक लांबलचक, काळोखी गुहा. पावसाळ्याचे चार महिने जंगलाला पुरावीत म्हणून मोहाची सुकवलेली फुलं आणि कळकाचं, म्हणजे बांबूचं, बी तिथे साठवून ठेवत. हे उंदरांना ठाऊक होतं. आणि मल्हूला उंदीर ठाऊक होते. नऊ वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मल्हूची मिशी मात्र अगदीच गरीब. लांब, पातळ, दोन्ही बाजूंना खाली लोंबणारी. गुहेत शिरलं की ती भिंतींना घासत जायची. बीळ किती रुंद आहे, ते तिला आधी कळायचं. कोपऱ्यात उंदरानं नुसता श्वास सोडला, तरी तिचं टोक थरथरायचं. मग मल्हू झेप घ्यायचा. त्याला वाटे, ही सगळी आपल्या डोक्याची करामत. ज्याच्यामुळे आपलं चालतं त्याला विसरायचं, ही सवय फक्त बोक्यांनाच असते असं नाही.

घरी बायको होती, सोनकी. तीन पिल्लं होती. आणि एक गळकी ढोली होती. पाऊस लागला की सोनकी पिल्लांना मानेला धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत बसे. मागच्या पावसात धाकट्याला खोकला लागला होता. तो अजून गेला नव्हता.

एके दिवशी जुना कोतवाल निवृत्त झाला. कोतवालाला राहायला सरकारी गुहा मिळे. कोरडी ठणठणीत.

प्रधान तरसानं दवंडी दिली, "ज्याच्या मिशीवर लिंबू ठरेल, तो कोतवाल!"

हे असं का? तर वाघमहाराजांच्या तरुणपणी त्यांच्या मिशीवर लिंबू ठरत असे. आता महाराजांची मिशी झडली होती. आठवण तेवढी शाबूत होती.

मल्हूनं भीत भीत विचारलं, "प्रधानजी, उंदीर किती धरले, ते नाही का बघणार?"

तरस खो खो हसला. तरस कशालाही हसतो, पण या वेळी तो मनापासून हसला. "अरे, उंदीर धरतोस काळोखात! तिथे बघायला कोण येणार? लिंबू कसं, चारचौघांना दिसतं."

मल्हूनं घरी येऊन सगळं सांगितलं. सोनकी धाकट्याची पाठ चोळत होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, ती गुहा कोरडी आहे हो."

झालं. मल्हू कामाला लागला.

पहिल्या दिवशी त्यानं गवळ्यांच्या वाडीवरून लोण्याचा गोळा पळवला आणि मिशीला चोपडला. घरात खायला नसलं तरी मिशीला तूप लावून मिरवणारे पुष्कळ असतात. पण मल्हूच्या घरात तीन पिल्लं होती. तो डुलकी काढून उठला, तेव्हा मिशी चाटूनपुसून स्वच्छ झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला फणसाचा चीक आठवला. काय चिकटतो! त्यानं पंजाभर चीक मिशीला थापला. मिशी वर गेलीच नाही. उलट वरचा ओठ खालच्या ओठाला जो बसला, तो दोन दिवस सुटेना. मल्हूला बोलता येईना. सोनकीनं ते दोन दिवस मोठ्या समाधानात काढले आणि तिसऱ्या दिवशी तेल चोळून त्याला मोकळं केलं.

मग दोघं बकुळाकाकूंकडे गेली. बकुळाकाकू म्हणजे डोंगरामागची म्हातारी अस्वलीण. जन्मभर मध खाऊन तिचा आवाजही दाट झाला होता.

"मेल्या, मिशी चिकटवायची नसते, वळवायची असते," काकू म्हणाल्या. "माझ्या दारात रिकाम्या पोळ्यांचा ढीग पडलाय. घे हवी तेवढी. पण चावून बघत बसू नकोस, त्यात आता मध नाही. मी स्वतः खात्री केलीय."

मग मेण करायचं ठरलं. जंगलात चूल कुठली? पण गरम पाण्याचं कुंड होतं. सोनकीनं पोळी चुरून कुंडात टाकली. मेण वितळून वर तरंगलं, घाण खाली बसली. सुगरणीचं एक जुनं घरटं सापडलं, त्यातून तिनं मेण गाळून घेतलं. मग बेलफळाच्या रिकाम्या कवटीत ते मेण घातलं आणि कवटी कुंडाच्या पाण्यावर सोडली.

"दोन वाटे मेण, एक वाटा एरंडेल," काकू सांगत होत्या. "वासाला आणि ताठपणाला चिमूटभर सालईचा डिंक. पाणी आत जाऊ देऊ नकोस. ढवळत राहा. एक थेंब गार दगडावर टाक. नखानं दाब. कडक वाटलं तर तेल, मऊ वाटलं तर मेण. आणि हे बघ, हे माप थंडीचं. उन्हाळ्यात तेल निम्मं करायचं. नाहीतर वितळून हनुवटीवर येईल."

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं होतं. मल्हू तेव्हा कुंडाच्या पाण्यात आपला चेहरा न्याहाळत होता.

सोनकीचा हात सढळ. एक कवटी हवी होती, तिनं सात भरल्या. मधल्या पिल्लानं सवयीनं कवटी चाटून पाहिली. एरंडेलाचा गुण तुम्हाला घरी कोणीही सांगेल. ते पिल्लू पुढचा दिवसभर ढोलीत कमी आणि झुडपात जास्त होतं.

दरबार भरला. मल्हू आला. मिशी दोन्ही बाजूंनी वर, टोकाला झकास पीळ. प्रधानांनी डाव्या मिशीवर लिंबू ठेवलं. ठरलं! उजव्या मिशीवर ठेवलं. तेही ठरलं! मल्हू सात पावलं चालून दाखवून परत आला. महाराजांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"याला म्हणतात कोतवाल!" महाराज म्हणाले.

मल्हूचं बिऱ्हाड कोरड्या गुहेत आलं. पंधरा दिवसांत धाकट्याचा खोकला गेला. सोनकीनं मल्हूच्या मिशीची दृष्ट काढली. ती खरंच सुखात होती, आणि तो तिच्याकडे बघून सुखात होता.

फक्त कोठारात भानगड झाली होती. कोतवाल झाला, तरी कोठाराचा पहारा मल्हूकडेच होता.

मल्हू आत शिरला की त्याला काही म्हणजे काही कळेना. मिशी आभाळाकडे बघत होती, आणि उंदीर काही आभाळात नसतात. तो भिंतीवर आपटला. खांबावर आपटला. एका बिळात शिरला आणि अडकला, कारण रुंदी सांगणारं कोणी उरलं नव्हतं. उंदरांचा म्होरक्या तुळोजी समोरून आला.

"राम राम कोतवालसाहेब," तो अदबीनं म्हणाला. "जरा मान बाजूला घेता का? आमची टोपली जायचीय."

कोठार रिकामं व्हायला लागलं. सशांनी तक्रार केली. प्रधान चौकशीला आले. त्यांनी मल्हूच्या मिशीवर लिंबू ठेवलं. ते ठरलं. त्यांनी निकाल दिला, 'चोरी आढळली नाही.' सशांनी दुसऱ्यांदा तक्रार केली. तेव्हा प्रधानांनी दोन लिंबं ठेवून पाहिली. यापेक्षा कसून चौकशी कुठे होते का, तुम्हीच सांगा.

वैशाख आला. जंगल तापलं. पावसाआधी कोठार बघायला खुद्द महाराज येणार होते. प्रथा अशी की कोतवालानं आधी एकट्यानं आत जाऊन यायचं.

मल्हू दारात पोचला, तोच डाव्या मिशीचं मेण वितळलं आणि हनुवटीवर आलं. थंडीचंच माप ना ते! मिशी हळूच खाली आली. तो आत शिरला. मिशी भिंतीला लागली. आणि टोक थरथरलं.

तिथे. कोपऱ्यात. श्वास.

मल्हूनं झेप घेतली. उंदीर पंजात! अहाहा! किती दिवसांनी! त्याला इतका आनंद झाला की तो काळोखात एकटाच हसला. नऊ वर्षं कोण काम करत होतं, ते त्याला आत्ता कळलं.

उजवी मिशी अजून ताठ होती. तेवढी तरी सांभाळून बाहेर जाता आलं असतं. बाहेर लिंबू वाट बघत होतं. त्याला कोरडी गुहा आठवली. धाकट्याचा खोकला आठवला. पण आत उरलेल्या धान्यावर अख्ख्या जंगलाचा पावसाळा काढायचा होता, तेही आठवलं. शिवाय खरं सांगायचं तर तो बोका होता आणि समोर उंदीर होते. त्यानं आपल्याच पंजानं उजवी मिशी पुसून खाली केली.

तासाभरानं मल्हू बाहेर आला. त्यानं तेवीस उंदीर महाराजांपुढे ओळीनं मांडले.

महाराजांनी उंदरांकडे पाहिलंच नाही. ते मिशीकडे बघत राहिले. प्रधानांनी लिंबू ठेवलं. लिंबू घसरलं आणि गडगडत जाऊन तेविसाव्या उंदरापाशी थांबलं.

"मिशी खाली!" महाराज गरजले. "ती पण आमच्यासमोर! काढा याला!"

नवा कोतवाल लगेच मिळाला. तुळोजी! तो त्या दिवशी कोठारात नव्हता, कारण तो मल्हूच्या गुहेतून मेणाची एक कवटी चोरत होता. त्याची मिशी फार झोकात वळलेली होती. उंदीर लहान म्हणून महाराजांनी नियम सैल करून लिंबाऐवजी बोर ठेवलं. बोर ठरलं. त्यानंतर चोरीची एकही तक्रार आली नाही. तक्रार पिंपळाच्या पानावर लिहून कोतवालाकडे द्यायची असे, आणि कोतवाल ती खाऊन टाकी.

मल्हू मान खाली घालून गळक्या ढोलीत परतला. पाऊस दहा दिवसांवर आला होता. सोनकी रागावली नाही. तिनं आधी वर भेगांकडे पाहिलं, मग उरलेल्या चार कवट्यांकडे पाहिलं.

"अहो, हे मेण आता तुम्हाला लागणार नाही ना?"

तिनं ते कुंडावर नेऊन पुन्हा वितळवलं. त्यात तेल मुळीच घातलं नाही, नुसतं आणखी मेण घातलं. मग ढोलीची एकेक भेग आतून लिंपून काढली.

"तेल का नाही घातलंस?" मल्हूनं विचारलं.

"काकू म्हणाल्या नव्हत्या का? उन्हाळ्यात तेल कमी."

"अगं, मग मला तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही पाण्यात बघत होतात."

पाऊस कोसळला. ढोलीत एक थेंब आला नाही. धाकट्याचा खोकला काही परतला नाही.

मल्हू आता बिनपगारी होता, म्हणून रोज पोटासाठी कोठारात जाऊ लागला. मिशी खाली सोडून. उंदीर भराभर कमी झाले. धान्य दसऱ्यापर्यंत पुरलं. महाराज खूश झाले आणि त्यांनी भर दरबारात कोतवाल तुळोजीचा सत्कार केला. गर्दीत मागे उभा राहून मल्हूनंही टाळ्या वाजवल्या. त्याचं पोट भरलेलं होतं आणि घर कोरडं होतं.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं, हे खरं. पण दरबारात आंबट फळच मोजतात, आणि तेही मिशीवर ठेवून. म्हणून मुलांनो, उंदीर धरायला शिका किंवा शिकू नका, मेण कढवायला तेवढं जरूर शिका. मिशीवर नाही टिकलं, तरी छपराला लागतं.