पहिली गाठ आणि टिटवीबाईंचे प्रश्न

एका जंगलात एक विहीर होती. जंगलात विहीर कोणी खणली, असं विचारू नका, बाळांनो. गोष्टीला पाणी लागतं, म्हणून खणली. विहिरीवर एक बाभूळ वाकली होती आणि तिच्या फांद्यांना सुगरण पक्ष्यांची घरटी लटकत होती.

या बाभळीवर तणसू नावाचा एक सुगरण नर राहायचा. सुगरणींमध्ये घरटं विणतो नवरा आणि नाव होतं बायकोचं. पण रीत मोठी कडक. नरानं अर्धं घरटं विणायचं आणि पंख फडफडवत त्याच्याखाली लटकून राहायचं. मग मादी येते. घरट्यावर बसते. चोचीनं चार हिसके देते. घरटं टिकलं तर लग्न. सुटलं तर ती एक शब्द न बोलता पुढच्या फांदीवर.

तणसूचं घरटं दोन पावसाळे विहिरीत पडलं होतं. हा तिसरा पावसाळा. तिसऱ्यांदाही ज्याचं जमत नाही, त्याला बाभळीवर जागा मिळत नाही. त्याला पलीकडच्या निवडुंगावर राहायला जावं लागतं. तिथले म्हातारे ब्रह्मचारी दिवसभर आपापल्या न झालेल्या सासुरवाडीच्या गोष्टी सांगत बसतात.

शेजारच्या फांदीवर दोरकाका राहायचे. नऊ पावसाळे, नऊ घरटी. एकही पडलं नव्हतं.

"तणश्या, इकडे बघ लेका," दोरकाका म्हणाले. "तू पहिली गाठ मारतोस आणि तिचं शेपूट मोकळं सोडतोस. ते उलटं वळवून आत खोव. बाकी तुझं विणकाम झकास आहे."

"काका, तुम्ही मला पहिल्यापासून कमी लेखता."

"अरे, मी गाठीबद्दल बोलतोय."

"तेच ते!"

तणसूला फार लागलं. दोन वर्षांचं दुःख, आणि त्याचं कारण काय, तर गवताचं शेपूट! एवढ्या मोठ्या दुःखाला एवढंसं कारण असावं, हा त्याला दुःखाचा अपमान वाटला. तो उडाला तो थेट माळावर, टिटवीबाईंकडे.

टिटवीबाई जंगलातल्या एकमेव लाइफ कोच होत्या. त्या रोज पाय वर करून झोपायच्या. पाय कशासाठी, तर आभाळ पडू नये म्हणून. आणि आभाळ आजवर एकदाही पडलं नव्हतं. एवढा चोख निकाल दुसऱ्या कोणाच्या गाठी नव्हता.

"या, तणसूराव," टिटवीबाई म्हणाल्या.

तणसूला आयुष्यात प्रथमच कोणी राव म्हटलं होतं. त्याला तिथेच निम्मं बरं वाटलं.

"एक आधीच सांगते. मी सल्ला देत नाही. सल्ला म्हातारे देतात. मी फक्त प्रश्न विचारते. उत्तरं तुमच्या आतच आहेत. दर बैठकीला पाच नाकतोडे."

"बाई, तुम्ही स्वतः घरटं विणलंय कधी?"

"चार खडे आहेत. त्यांच्यामध्ये अंडी घालते." टिटवीबाईंनी मान हलवली. "तुम्ही घरट्यावर अडकलात, तणसूराव. मला सांगा, घरटं पडतं तेव्हा नेमकं काय पडतं?"

"घरटंच पडतं."

"अजून आत जा."

तणसू बराच वेळ आत गेला. "मी पडतो," तो शेवटी म्हणाला, आणि त्याला रडू आलं. टिटवीबाईंनी त्याला रडू दिलं. तोवर त्यांनी तिसरा नाकतोडा संपवला.

अशा सात बैठका झाल्या. तणसूची मान ताठ झाली. तो रोज सकाळी विहिरीच्या पाण्यात स्वतःकडे बघून म्हणायचा, "मी भक्कम आहे. माझं घरटं भक्कम आहे." बाकीचे नर तेवढ्या वेळात दोनशे पाती विणायचे. तणसू पाती कमी विणायचा, पण विणताना हसायचा. पहिली गाठ त्यानं पूर्वीसारखीच मारली. शेपूट मोकळं.

मग एके दिवशी केशरी आली. मादी चोखंदळ होती. सकाळपासून तिनं चौघांची घरटी हिसके देऊन विहिरीत पाडली होती. ती तणसूच्या घरट्यावर बसली आणि तिनं एक पातं चोचीत धरलं.

तणसूच्या डोळ्यांपुढे निवडुंग आलं.

"थांब," तो म्हणाला. "एक विचारू?"

"विचार की."

"हिसका द्यावा असं तुला का वाटतं?"

"का म्हणजे? सगळ्याच देतात. आईनं सांगितलंय."

"म्हणजे हा हिसका आईचा झाला. तुझा स्वतःचा हिसका कोणता?"

बाळांनो, केशरीला जन्मापासून कोणी काही विचारलंच नव्हतं. सगळे नुसते सांगायचे. तिनं चोचीतलं पातं सोडलं. पुष्कळ विचार केला.

"मला हिसका द्यायचाच नाहीये," ती नवलानं म्हणाली. "मला बसायचंय."

"मग बस की."

ती बसली. घरटं दोन बोटं खाली आलं. दोघांनी ते नातं मोकळं होत असल्याचं लक्षण मानलं.

असं तणसूचं लग्न झालं. म्हणजे लाइफ कोचिंगचा उपयोग होत नाही असं जे म्हणतात, त्यांनी इथे जरा थांबावं.

उरलेलं घरटं विणून झालं. त्यात तीन अंडी आली. आणि मघा नक्षत्रात एका दुपारी असा वारा सुटला, की विहिरीतलं पाणीसुद्धा काठाला धरून बसलं.

"अहो," आतून केशरी म्हणाली, "घरटं हलतंय."

तणसू फांदीवर बसला होता. त्यानं डोळे मिटले. "माझं घरटं भक्कम आहे."

"अहो, गाठीचा एक पदर सुटला."

"तो पदर आपल्याला काय सांगतोय?"

"मी सुटलो, असं सांगतोय! डोळे उघडा आधी!"

तणसूनं डोळे उघडले. गाठ उलगडत होती. खाली विहीर होती. केशरीला उडता येत होतं, पण ती अंड्यांवरून उठेना. तणसूनं सुटलेलं टोक चोचीत पकडलं आणि तो तसाच लोंबकळत राहिला. पुढे काय करायचं, ते त्याला कळेना. प्रश्न त्याच्याकडे पुष्कळ होते. आता त्याला एक उत्तर हवं होतं. त्यानं आत पाहिलं. आत टिटवीबाई बसल्या होत्या.

"सरक," कोणीतरी म्हणालं.

दोरकाका होते. चिंब भिजलेले. त्यांनी टोक हिसकावून घेतलं, फांदीभोवती दोन वेढे दिले, शेपूट उलटं वळवलं आणि आत खोवलं. वाऱ्यानं घरट्याला जोरात हिसका दिला. घरटं गरगर फिरलं आणि राहिलं.

"काका, तुम्ही..."

"गवत पाण्यात कुजलं की विहिरीला वास मारतो," काका म्हणाले आणि आपल्या फांदीवर गेले.

तिथे त्यांचं दहावं घरटं नव्हतं. ते अर्धंच विणून झालं होतं, वारा सुटल्यापासून काका त्याच्या वरच्या कडा धरून बसले होते. धरायला कोणी नाही म्हटल्यावर ते गेलं. काकांनी विहिरीत एकदा वाकून पाहिलं आणि पंख झटकले.

दुसऱ्या दिवशी तणसू माळावर गेला. "बाई, घरटं वाचलं. पण खरं सांगू का? गाठ दोरकाकांनी मारली."

"असं?" टिटवीबाई म्हणाल्या. "आणि ते नेमके त्याच वेळी का आले, असं तुम्हाला वाटतं?"

तणसूनं आठवून पाहिलं. "मी डोळे मिटून भक्कमपणाचा विचार करत होतो."

"आणि?"

"आणि भक्कमपणा आला. भिजत आला." तणसूचे डोळे भरून आले. भलत्याच पक्ष्याचे आभार मानता मानता तो थोडक्यात वाचला होता.

तिन्ही पिल्लं सुखरूप उडाली. पुढच्या पावसाळ्यात तणसूनं बाभळीवरच बैठका सुरू केल्या. अकरा तरुण नर आले. सगळ्यांना राव म्हणण्यात आलं. सगळे आत गेले, सगळे रडले, सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. माद्यांनाही प्रश्न आवडू लागले आणि हिसके देण्याची रीत मागासलेली ठरली. दोन महिन्यांत अकरा लग्नं लागली. बाभळीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. निवडुंग ओस पडलं.

अकरा घरट्यांच्या अकरा पहिल्या गाठी. शेपटं मोकळी.

दोरकाका पहाटेपासून या फांदीवरून त्या फांदीवर उडायचे. त्या वर्षी त्यांनी स्वतःचं घरटं सुरूच केलं नाही. पिसं विस्कटली, उजवा पंख जरा खाली आला. नवविवाहितांनी तणसूकडे तक्रार केली, की काका न विचारता घरी येतात, आणि चेहऱ्यावर जरासुद्धा प्रसन्नपणा नसतो.

तणसूला काकांची दया आली. तो स्वतः त्यांच्यापाशी गेला. काका एका फांदीला उलटे लटकले होते.

"काका," तणसू मायेनं म्हणाला, "तुम्हाला कोणाला नाही म्हणता येत नाही. हे असं का होत असेल, असं तुम्हाला वाटतं?"

काकांच्या चोचीत गवत होतं. त्यांनी शेपूट उलटं वळवलं आणि आत खोवलं.

तात्पर्य : बाळांनो, सगळी उत्तरं आपल्या आतच असतात. गाठ तेवढी बाहेरून मारावी लागते. म्हणून कोच निवडण्याआधी शेजारी कोण राहतं, ते नीट पाहून घ्यावं.