दोन कार्डांची परीक्षा

स्वयंपाकघराच्या दारात चित्र पुन्हा अडकलं, तेव्हा मास्तरांच्या सुनेने माउस बाजूला सारला आणि कपाळाला हात लावला. ती घरांच्या आतली रचना करून द्यायची. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार होतं आणि त्याला अजून न बांधलेलं आपलं घर पडद्यावर फिरून बघायचं होतं. दिवाणखान्यापर्यंत सगळं ठीक. पण स्वयंपाकघराकडे वळलं, की चित्र धापा टाकायला लागे आणि उंबरठ्यावरच बसकण मारी. हे जमलं नाही, तर एवढं मोठं काम हातचं जाणार होतं.

"ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागणार," ती म्हणाली, आणि तिथेच चुकली.

कारण दुपारपर्यंत घरात दोन कार्डं हजर झाली. एक नवऱ्याने आणलं, दुसरं तिच्या भावाने. दुकानदार ओळखीचा, तो म्हणाला होता, दोन्ही लावून बघा, नको असेल ते उद्या परत करा. सल्ला चांगलाच होता, पण त्याने या घरातले मेहुणे पाहिले नव्हते.

"माझ्यात बारा जीबी मेमरी आहे. तुझ्यात आठ," तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, मेहुण्याला म्हणाला.

"दाजी, नुसती मेमरी काय चाटायचीय? माझे कोअर बघा. आणि पंखे तीन आहेत."

"पंखे मोजायला आपण सभागृह भाड्याने घेतोय का?"

सोफ्यावर बसलेल्या मास्तरांनी पेपर खाली ठेवला. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला न समजलेला शब्द तसाच सोडवत नाही. "कोअर म्हणजे काय, ते आधी सांगा," ते म्हणाले. दोघांनी एकदमच सांगितलं, त्यामुळे काहीच कळलं नाही. शेवटी सून म्हणाली, "बाबा, कार्डाने चित्रामागून चित्र भराभर काढून द्यायचं असतं. मेमरी म्हणजे ओटा, सामान पुढ्यात किती मावतं ते. कोअर म्हणजे राबणारे हात."

"म्हणजे एकाचा ओटा मोठा आणि दुसऱ्याचे हात जास्त."

"ओटा मोठा असला की पसाराच मोठा होतो," मास्तरांची बायको आतून म्हणाली. मुलाला ही सख्ख्या आईची फितुरी वाटली.

वाद हातघाईवर येण्याआधी मास्तरांनी परीक्षा जाहीर केली. प्रश्नपत्रिका दोघांना एकच: दिवाणखान्यातून निघायचं आणि स्वयंपाकघरात पोचायचं. सेकंदाला किती चित्रं निघतात, तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारच होता. आधी मुलाने आपलं कार्ड बसवलं. या घरात वस्तू काढली की जिथल्या तिथे ठेवायची, असं मास्तरांचं वळण होतं. त्याप्रमाणे त्याने सगळ्या तारा जिथून काढल्या होत्या तिथेच नीट परत खोचल्या.

आकडा दिसला अकरा. चित्र उंबरठ्यावर बसलं.

"आधीही अकराच होते ना गं?" मास्तरांनी विचारलं.

"आधीचे अकरा वेगळे, बाबा," मुलगा म्हणाला. "आता सावल्या बघा, कशा मऊ पडल्यात."

मग मेहुण्याचं कार्ड बसलं. तारा पुन्हा जिथल्या तिथे. पुन्हा अकरा.

"बघितलंत काका? दाजींचे अकरा धापा टाकत होते. माझे अकरा ताठ मानेने चालतायत."

"तुझ्या अकरात फरशीचा रंग उडालाय," मुलगा म्हणाला.

"उडाला नाही, खरा दिसतोय. तुम्हाला खऱ्याची सवय नाही."

मास्तरांना दोन्ही अकरा जुळ्या भावांसारखे दिसत होते. पण तसं म्हणायची सोय नव्हती. एक मुलगा, दुसरा सुनेचा भाऊ. कुणाला अर्धा गुण कमी दिला तरी जेवताना जड गेलं असतं. आणि सुनेचं तोंड तर पार उतरलं होतं. त्यांनी नवा मार्ग काढला. "उत्तरपत्रिकेवर नाव नसलं की परीक्षक पक्षपात करत नाही. तुम्ही दोघं बाहेर व्हा. ती तिला हवं ते कार्ड बसवेल, संगणकाचं झाकण लावेल, मग या आणि ओळखा."

दोघे बाहेर गेले. सुनेने झाकण उघडून आतलं कार्ड काढलं, तोच गिऱ्हाइकाचा फोन आला. झाकण तसंच टेकवून ती बोलत बोलत गच्चीत गेली. मास्तरांनी बंद झाकण पाहिलं, बटण दाबलं आणि हाक मारली, "या."

चित्र सुरू झालं. अकरा.

"माझं," मुलगा ताबडतोब म्हणाला. "खुर्चीखालची सावली बघा. हा मोठ्या मेमरीचा गुण."

"काहीतरीच, दाजी. ही धार फक्त माझ्या कार्डावर येते. मी डोळे मिटून सांगेन."

"डोळे मिटून आता बघ, जास्त धार दिसेल."

मास्तरांची बायको चहाचा ट्रे घेऊन आली आणि सोफ्यापाशी थांबली. "बसू कुठे? ही दोन्ही इथेच पडलीत, उचला आधी."

सोफ्यावर दोन्ही कार्डं शेजारी शेजारी पहुडली होती.

मास्तर सावकाश म्हणाले, "म्हणजे दोन्ही उमेदवार गैरहजर, आणि पेपर तिसराच कुणीतरी लिहितोय."

फोन संपवून आलेल्या सुनेने हे ऐकलं, वाकून संगणकाच्या पाठीमागे पाहिलं आणि एका तारेवर बोट ठेवलं. पडद्याची तार यंत्राच्या स्वतःच्या, जुन्या भोकात होती. नव्या कार्डाला भोक वेगळं असतं. कार्डं आत बसली होती खरी, पण त्यांना काम कुणी सांगितलंच नव्हतं; सगळे अकरा यंत्राने आपल्याच बळावर काढले होते.

तिने दोघांना पुन्हा बाहेर काढलं, एक कार्ड बसवलं, तार त्याच्या भोकात घातली आणि दुसरं कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली. आकडा नव्वदवर गेला. चित्र लोण्यासारखं सरकलं, उंबरठा ओलांडला आणि आज पहिल्यांदा सगळे त्या स्वयंपाकघरात शिरले.

"छान गं," सासू म्हणाली. "पण हा फ्रिज उघडायचा कसा? दार भिंतीला आपटतंय."

खरंच आपटत होतं. चित्र कधी आतवर पोचलंच नव्हतं, तर दिसणार कुठून? हेच उद्या गिऱ्हाइकाला दिसलं असतं तर?

"हे तुझंच कार्ड असणार," मुलगा हळूच मेहुण्याला म्हणाला. "माझ्यावर असलं काही दिसलं नसतं."

"उगाच माझ्या गळ्यात मारू नका, दाजी. तुमचंच आहे."

जेवणाआधी सुनेने फ्रिज समोरच्या भिंतीला हलवला, ओटा वळवला आणि सासूला आत फिरवून आणलं.

सकाळी गिऱ्हाईक आलं. घरभर हिंडलं, स्वयंपाकघरात शिरलं, फ्रिज उघडून बंद केला आणि म्हणालं, "हेच हवं होतं. कामाला लागा."

ते जिन्यापर्यंतही पोचलं नसेल, तोच मुलगा म्हणाला, "बारा जीबी आहे. दिसणारच."

"कोअर, दाजी, कोअर," मेहुणा म्हणाला.

काल संध्याकाळी ज्या कार्डाला कुणी वाली नव्हता, त्याला सकाळी दोन बाप होते. मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला आणि निकाल राखून ठेवला.