गिटारला बसवलेला दात

"हे बघा, रविवारी माझा भाऊ येतोय. त्याच्यासमोर एक गाणं धड वाजवा, नाहीतर हा डबा सरळ माळ्यावर जाईल," बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता निकाल देऊन टाकला.

दातांच्या डॉक्टरांनी गिटार छातीशी धरली. लग्नाच्या आधीपासून जिवापाड जपलेली गिटार, आणि माळ्यावर? फुटक्या बादलीशेजारी? अहो, दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालणाऱ्या माणसाला तेवढाच एक विरंगुळा! शिवाय यात त्यांची काय चूक? मागच्या खेपेला खुद्द मेहुणा म्हणाला होता, "भाऊजी, तुम्ही छान वाजवता हो, पण गिटारचा आवाजच दबलेला आहे." मेहुणा गाणंबजावणं शिकवणारा. त्याचा शब्द म्हणजे डॉक्टरांना काळ्या दगडावरची रेघ.

डॉक्टरांनी गिटार लगेच दुरुस्तीला नेली. दुरुस्त करणाऱ्याने तारांखालच्या पांढऱ्या पट्टीवर टिचकी मारली. "ही प्लास्टिकची आहे, डॉक्टर. हाडाची बसवली की आवाज मोकळा होईल. पुढच्या महिन्यात या."

पुढचा महिना? तोवर गिटार माळ्यावर धूळ खात पडली असती. आणि हाड कशाला? हाडापेक्षा दात कडक, नि दात बसवण्यात तर डॉक्टरांची हयात गेलेली.

दुसऱ्या दिवशी गिटार दवाखान्यातल्या खुर्चीवर आडवी झाली. मदतनीस ताईंनी सवयीने तिच्या गळ्याशी रुमालही बांधला. डॉक्टरांनी तारा सोडवल्या, जुनी पट्टी काढली आणि कवळीचं माप घेतात तसा गुलाबी लगदा त्या खाचेत दाबला. लगदा लाकडात असा काही घट्ट बसला की निघायचं नाव घेईना. ओढायला गेले, तर खाचेखालचं लाकूडच कडेने उचललं गेलं.

"अगंबाई!" ताई ओरडल्या. "आता हो?"

"मुळापासून हललंय! मान धरा हिची. कितीही करकरली तरी सोडू नका!"

डॉक्टरांनी पक्कड लावून हिसका दिला. लगदा सुटला, ताई मागच्या कपाटावर आदळल्या आणि गिटारच्या पोटातून "ढम्म" असा आवाज आला.

हे सगळं बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींनी कान देऊन ऐकलं होतं. एक निवृत्त हेडमास्तर गालावरचा हात काढून उठले. "माझी दाढ आता बरीच बरी आहे," असं भिंतीला सांगून त्यांनी काढता पाय घेतला. त्यांच्यामागे सगळेच उठले. ताईंनी दार उघडलं तेव्हा बाहेर कुणाची तरी एक चप्पल तेवढी राहिली होती.

पेशंटच नाहीत म्हटल्यावर डॉक्टरांना रान मोकळं मिळालं. उचललेलं लाकूड त्यांनी दातावर टोपी बसवायच्या सिमेंटने चिकटवलं. कृत्रिम दाताची पट्टी कोरली, घासली, चकचकीत केली आणि बसवली. हिरडीत दात बसावा तशी ती बसली.

रविवारी मेहुणा समोर येऊन बसला. डॉक्टरांनी एक तार छेडली मात्र, असा खणखणीत आवाज निघाला की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थबकून बघायला लागली. डॉक्टरांचा ऊर भरून आला. मग त्यांनी गाणं सुरू केलं.

इथेच घात झाला. पूर्वी चुकलेले सूर त्या दबलेल्या आवाजात कसेबसे लपून जायचे. आता एकेक सूर आपलं नाव-गाव सांगत बाहेर पडू लागला. मेहुण्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला, तो गाणं संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"आवाज मोकळा झालाय, भाऊजी," तो शेवटी म्हणाला. "फारच मोकळा झालाय."

"आणि गाणं?"

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे.

"इतकी वर्षं मी या बिचारीला नावं ठेवत आले," बायको गिटारवरून हात फिरवत म्हणाली. "हिचा काही दोष नाही हो. ही इथेच राहील. वाजवायची हौस आली की तुम्ही माळ्यावर चढा."

डॉक्टरांचा चेहरा एवढासा झाला.

सोमवारी त्यांनी दवाखाना उघडताच हाक मारली. "ताई, कापसाचे बोळे आणा. असतील तेवढे आणा."

"अगंबाई, कुणाचं तोंड भरायचंय एवढं?"

डॉक्टरांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. गळ्याशी रुमाल बांधून गिटार पुन्हा आडवी झाली होती.

"भरत राहा," ते म्हणाले. "आवाज पहिल्यासारखा दबला की थांबा."