डाळिंबी, दोनशे सतरा

बायकोच्या थोरल्या बहिणीचं वाक्य मधेच तोडू नये. तोडायचंच झालं, तर निदान ते संपत आल्यावर तरी तोडावं. रंगोपंतांनी ते नेमकं नको तिथे तोडलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

रंगोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ताईंनी ठेवलेलं. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. रंगोपंत टक्कल पडेपर्यंत, तब्बल तीस वर्षं, रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभे होते. गिऱ्हाइकानं "आकाशासारखा निळा द्या" म्हटलं, की ते विचारत, "सकाळच्या की चारच्या?" शर्टाच्या खिशात रंगांच्या नमुन्यांचं, नंबर घातलेलं शेडकार्ड कायम. भाजी घेताना टोमॅटोसुद्धा कार्डाशी ताडून बघायचे. (त्यांना लांबून येताना पाहिलं की भाजीवाला पाटीवर गोणपाट टाकी.)

या कर्तबगारीला एकच डाग होता. तो ताईंच्या हॉलच्या भिंतीवर होता. पाच वर्षांपूर्वी रंगोपंतांनी स्वतः निवडलेला रंग एका उन्हाळ्यात उन्हाकडच्या भिंतीवरून असा काही उडाला, की तिथे नकाशा उमटला. ताईंनी तो पुसला नाही, झाकला नाही. आलेल्या पाहुण्याला सरबताआधी भिंत दाखवायची आणि म्हणायचं, "ही आमच्या मेहुण्यांची निवड." त्या वेळी रंगोपंतांची बायको खिडकीबाहेर बघत असे.

आता ताईंचं नवं घर बांधून होत आलं होतं. उन्हाळ्यात त्या दीड महिन्यासाठी लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या आणि जाताना एक कुंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. रिक्षा खाली थांबलेली.

"हा व्हीनस फ्लायट्रॅप," ताई म्हणाल्या. "माशा खातो. जपायचा."

कुंडी चहाच्या मगाएवढी. त्यातून दहा-बारा पानं निघालेली आणि प्रत्येकाच्या टोकाला एक उघडा जबडा, कडेला दातांसारखे काटे. हिरव्यागार पानांच्या आत जबडा मात्र लालभडक. रंगोपंतांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"डाळिंबी. दोनशे सतरा," ते कार्ड धरून म्हणाले. "तंतोतंत."

"तो लाल तसाच राहायला हवा. रंग गेला तर समजायचं, झाडाची आबाळ झाली. बशीत पाणी ठेवायचं, पण नळाचं नाही, पावसाचं नाहीतर शुद्ध केलेलं. जबड्यात उगाच बोट घालायचं नाही. आणि ऊन..."

"उन्हाचं मला सांगू नका, ताई," रंगोपंत म्हणाले. खाली रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. "तीस वर्षं हेच सांगतोय लोकांना. निर्धास्त जा. रंगाची गॅरंटी माझी."

ताईंनी त्यांच्याकडे, मग बायकोकडे पाहिलं. "बघ हं. परत आल्यावर नव्या घराचे रंग ठरवायचेत. हा नीट राहिला तर तुझ्या नवऱ्याकडून. नाहीतर चौकात दुसरं दुकान आहे."

रिक्षा गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, माझी लाज तुमच्या हातात आहे आता. भिंतीची गोष्ट मला पाच वर्षं पुरली आहे."

रंगोपंतांनी कुंडी उचलली आणि सरळ आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर नेऊन ठेवली. तिथे ऊन तर सोडाच, उन्हाची बातमीसुद्धा पोचत नव्हती.

"झाडाला उजेड नको का?" बायकोनं विचारलं.

"उन्हात रंग उडतो," रंगोपंत म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलं होतं, की झोपेत कुणी नाव विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. "ताईंची भिंत आठवते ना?"

भिंत आठवत असल्यामुळे बायकोनं विषय सोडला.

पहिल्या आठवड्यात सगळं आलबेल होतं. रोज दुकानात जाण्यापूर्वी रंगोपंत स्टुलावर चढून जबड्यांशी कार्ड लावून बघत आणि वहीत आकडा लिहीत. दुसऱ्या आठवड्यात दोनशे सतराचा दोनशे चौदा झाला. तिसऱ्यात गुलाबी. जुने जबडे काळे पडून गळाले आणि नवे आले ते आतूनही हिरवे.

"उडतोय," रंगोपंत हबकून म्हणाले. "कुठून तरी ऊन येतंय."

त्यांनी खोली शोधून काढली. दुपारी साडेतीनला समोरच्या घराच्या काचेवर आपटून एक कवडसा कपाटापर्यंत येत होता, पाच मिनिटं. रंगोपंतांनी खिडकीला जाड पडदा लावला. रंग आणखी उतरला. त्यांनी पडद्याला अस्तर लावलं.

"अहो, एकदा बाहेर ठेवून तर बघू," बायको म्हणाली.

"बाहेर? या उन्हात? डांबर वितळतंय रस्त्यावरचं. या बिचाऱ्याचं काय होईल?"

आणि चौथ्या आठवड्यात ताईंचा फोन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. "माझ्या झाडाचा फोटो पाठवा," त्या म्हणाल्या.

झाड तेव्हा शेडकार्डाच्या पार दुसऱ्या पानावर, 'कोवळा वाटाणा, चारशे सहा' इथे पोचलं होतं. पानं लांबोडकी होऊन कुंडीच्या काठावर माना टाकून पडली होती.

आता रंगोपंतांना धंद्यातली एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दिवा बदलला की रंग बदलतो. त्यांनी टेबललँपला लाल कागद गुंडाळला, एका हातानं पानं उभी धरली आणि बायकोला फोटो काढायला लावला.

"हे बरोबर नाही," बायको म्हणाली.

"तुझ्याच लाजेसाठी करतोय."

बायकोनं फोटो काढला. पाच मिनिटांत ताईंचा फोन.

"अगंबाई, इतका लाल? तिकडे ऊन भलतंच कडक दिसतंय. आणि भिंतही लाल?"

"नवी शेड लावून बघतोय," रंगोपंत म्हणाले.

"घड्याळही?"

"तेही."

"बरं. एवढं ऊन लागतंय तर दुपारचा जरा आडोसा करा हो त्याला. बशी कोरडी पडू देऊ नका."

रंगोपंतांनी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस? त्यांनीच सांगितलं, आडोसा करा."

"लाल दिव्यातला फोटो बघून सांगितलं."

"सांगितलं ना?"

झालं. झाडाची रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे जुनी सुटकेस, मोडका पंखा आणि दाराच्या फटीतून येईल तेवढा उजेड. (रंगोपंतांनी फटीला कापड लावलं.) तिथे माशी यायची शक्यताच नव्हती. माशीलाही डोळे असतात. बायकोनं एकदा चोरून कुंडी गॅलरीत ठेवली, तर रंगोपंत विसरलेला डबा न्यायला दुकानातून परत आले आणि त्यांनी ती अशी झडप घालून आत नेली, की जणू पोर विहिरीच्या काठावर बसलं होतं.

दीड महिना संपायला तीन दिवस उरले, तेव्हा झाडावर लाल रंगाचा ठिपका शिल्लक नव्हता. रंगोपंतांची झोप उडाली. ताईंची त्यांना भीती नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त त्यांना बायकोचं ते खिडकीबाहेर बघणं दिसत होतं. पुढची पाच वर्षं ती आता नव्या घराच्या खिडकीतून बाहेर बघणार.

त्या दिवशी त्यांनी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. येताना छोट्या डबीत पाण्यात मिसळणारा रंग घोटून आणला. दोनशे सतरा, थेंबाथेंबानं जुळवलेला. सोबत सगळ्यात बारीक ब्रश. बायको बाजारात गेली होती. रंगोपंत अडगळीच्या खोलीत सुटकेसवर बसले, टॉर्च दातांत धरला आणि पहिल्या जबड्यात ब्रश घातला.

काही झालं नाही. जबड्याच्या आत बारीक केस होते, त्यांतल्या एकाला ब्रश लागला, एवढंच. रंगोपंतांनी हलक्या हातानं दुसरा फटकारा मारला.

जबडा खाडकन मिटला. ब्रशासकट.

रंगोपंतांनी ओढून पाहिलं. ब्रश येईना, कुंडीच उचलली जाऊ लागली. दुसऱ्या हातानं ते झाडाला धरायला गेले, तर बोटं लागून आणखी तीन जबडे मिटले. कोपर लागून दोन. झाडानं आख्ख्या उन्हाळ्यात काही खाल्लं नव्हतं. आता त्याला खायला मिळत होता तो ब्रश, आणि तो सोडायची त्याची तयारी नव्हती.

त्याच वेळी दाराची बेल वाजली, आणि बायकोनं जाताना दार नुसतंच लोटून घेतल्यामुळे ते आपोआप उघडलंही.

"तीन दिवस आधीच आले बाई," ताईंचा आवाज आला. "कोण आहे का घरात?"

टॉर्च दातांत असल्यामुळे रंगोपंतांना उत्तर देता आलं नाही. ताई उजेडाच्या दिशेनं आल्या. अडगळीच्या खोलीत सुटकेसवर बसलेला मेहुणा, मांडीवर कुंडी, एका हातात रंगाची डबी आणि दुसऱ्या हातातला ब्रश झाडाच्या तोंडात.

"रंगोपंत," ताई शांतपणे म्हणाल्या, "काय चाललंय?"

रंगोपंतांनी टॉर्च तोंडातून काढला. "टच-अप," ते म्हणाले.

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन आली. खोलीच्या दारात उभी राहिली. मग तिनं तिथून दिसणाऱ्या एकुलत्या एका खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

ताईंनी कुंडी उजेडात नेली, कात्रीनं तो रंगलेला जबडा कापून ब्रश सोडवला आणि पानं उलटसुलट करून पाहिली.

"उन्हात किती वेळ ठेवत होता?"

"एक मिनिटसुद्धा नाही," रंगोपंत म्हणाले. एवढं तरी त्यांना ताठ मानेनं सांगता येत होतं. "उन्हात रंग उडतो, ताई."

"तो तुमच्या डब्यातला. याचा उन्हातच तयार होतो." ताई खुर्चीत टेकल्या. "सकाळचं चांगलं ऊन मिळालं की हा लाल होतो. सावलीत ठेवला की हिरवा पडतो आणि लांबलचक वाढतो. फार कडक ऊन झालं, पाणी सुकलं, तर कोमेजतो, म्हणून आडोसा म्हटलं मी. तेच तर सांगत होते जाताना, तर तुम्ही म्हणालात उन्हाचं सांगू नका."

"चौकातल्या दुकानाचा नंबर आहे का तुझ्याकडे?" ताईंनी बहिणीला विचारलं.

आणि इथे बायको खिडकीपासून वळली. "ताई," ती म्हणाली, "चुकले ते. पण दीड महिना रोज सकाळी स्टुलावर चढून रंग तपासत होते. वहीत लिहून ठेवलाय. तुझ्या भिंतीकडे तूसुद्धा एवढं बघितलं नसशील."

ताईंनी वही चाळली. बेचाळीस दिवस, बेचाळीस आकडे, समासात 'आज थोडा उदास वाटला' वगैरे शेरे. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"रंगारी तीन आठवड्यांनी येणार आहेत," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत दोनशे सतरा परत आणा. मग बघू."

दुसऱ्या दिवसापासून रंगोपंत सकाळी सात वाजता कुंडी घेऊन गच्चीवर. आधी तासभर, मग दोन, मग अडीच. गच्चीवर एक मांजर होतं आणि त्याला बशीतलं पाणी फार आवडे, म्हणून राखण करणं भाग होतं. रंगोपंतांनी डोक्यावर छत्री उघडून पाहिली, तर सावली नेमकी झाडावर पडे. त्यांनी छत्री मिटली. टोपी दुकानाची होती, तिच्यावर ज्या कंपनीचं नाव होतं तिचाच रंग ताईंच्या भिंतीवरून उडाला होता. ती त्यांनी घातली नाही. सुट्टीच्या दिवशी तर पार अकरापर्यंत बसले.

नवे जबडे उमलले ते आधी फिके, मग गुलाबी, मग रोज थोडे गडद. तिसऱ्या रविवारी ताई आल्या. रंगोपंतांनी जबड्याशी कार्ड धरलं.

"दोनशे सतरा," ताईंनी कबूल केलं. "तंतोतंत. घराचे रंग तुम्हीच निवडा."

बायकोनं त्या दिवशी खिडकीबाहेर पाहिलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. जरा जास्तच निरखून. मग तिनं त्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि त्यांच्या टकलावर टेकवलं.

"ताई, हे बघ गं. हेही दोनशे सतरा."

ताई चष्मा सारखा करत जवळ आल्या. टक्कल लालभडक झालं होतं खरं, पण मधोमध त्याचे पोपडे निघायला लागले होते, कडा उचललेल्या, आत फिकट ठिगळं. ताईंनी ते बराच वेळ न्याहाळलं. पाच वर्षं रोज पाहिलेली वस्तू त्या लगेच ओळखणारच.

"अगं," त्या म्हणाल्या, "हा तर आमच्या हॉलचाच नकाशा."

"त्यांचाच माल," बायको म्हणाली. "प्रायमर मारायचा राहिला असेल."