अप्पांचा पाळणा

आमच्या अणदुरात बारसं कुणाच्याही घरचं असो, शेजारचे बसलिंगअप्पा बोलावणं नसलं तरी हजर असतात. बाळाच्या कानाशी वाकून म्हणतात, "आलास? बरं झालं. सरकार वाट बघतंय."

त्यांना देशाची काळजी आहे. आज कमावणारे हात पुष्कळ, पण घराघरातली लेकरं कमी होत चालली. पुढं म्हातारी जास्त आणि राबणारी थोडी होतील. मग सरकारच्या तिजोरीत कर कोण भरणार, म्हाताऱ्यांना पगार कुठून मिळणार, असं ते पारावर सांगत बसतात. कुणी हसलं की म्हणतात, "तीस वर्सांनी कळंल."

एसटीत वयामुळं त्यांना अर्धं तिकीट. ते पुरं मागतात. एकदा कंडक्टर वैतागला, "अप्पा, तुमच्या अर्ध्या तिकिटानं देश बुडत न्हाय." तुळजापूर येईपर्यंत अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले, जणू तो बुडताना त्यांना दिसत होता.

त्यांच्याकडं एक सागवानी पाळणा आहे. तो गावभर फिरतो. अट एकच, बारसं झालं की परत आणायचा, कारण पुण्यातल्या सुनेला कधीही लागेल. रिकामा पाळणा परत देत नाहीत, म्हणून लोक त्यात गहू आणि नारळ ठेवून आणतात. घरातल्या तुळईची कडी अप्पा दर दिवाळीला तेल लावून तयार ठेवतात.

माझ्या नातीचं बारसं झालं आणि मी पाळणा परत द्यायला गेले. अप्पा लेकाशी फोनवर बोलत होते. जेवलास का, तिकडं थंडी हाय का, एवढंच. फोन ठेवून म्हणाले, "अक्का, पाळणा तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. त्या दोघांनी ठरवलंय, लेकरू नको."

सगळ्या गावाला ऐकवणारा हा माणूस. मी भीतभीत विचारलं, "तुमी काय बोलला न्हाय?"

"त्याला काय बोलायचं? त्यानं सुखी ऱ्हावं. देशाचं मी बघतो."

मी गहू-नारळ काढून ठेवले आणि पाळणा त्यांच्याच कडीला अडकवला.

आता दुपारी नात तिथंच झोपते. अप्पा दोरी ओढत कानडीत काहीतरी गुणगुणतात. मला शब्द कळत नाहीत. पाळणा झरोक्याच्या उन्हात जातो, सावलीत येतो. परवा मी सहज विचारलं, सरकारचं काय म्हणता मग?

"हळू बोला," अप्पा म्हणाले. "झोपलीय."