पावसाळी शिक्का

पाऊस वरून पडतो आणि अपघात खाली होतो. म्हणून दोघांची खाती वेगळी आहेत. आमचे खाते खालचे. वाहन चालवण्याचा परवाना आम्ही देतो, तो कोरड्या दिवशी. पाऊस आला की चाचणी रद्द, कारण ओल्या रस्त्यावर उमेदवाराशेजारी बसणे परीक्षकांच्या प्रकृतीला मानवत नाही. या धोरणाचे यश डोळ्यांत भरण्याजोगे आहे: पावसातल्या चाचणीत आजवर एकही अपघात झालेला नाही. (पावसात चाचणीही झालेली नाही. टीकाकार नेमके एवढेच बघतात.)

असे सगळे सुरळीत असताना एका शाळेने खोडा घातला. गेल्या पावसाळ्यात त्यांची व्हॅन मुलांसकट गटारात उतरली होती. कुणाला लागले नाही; डबे तेवढे वाहून गेले. मुख्याध्यापिकाबाई मात्र हट्टाला पेटल्या. नवा चालक पावसात तपासलेलाच हवा, आणि परवान्यावर तसा शिक्का हवा.

शिक्का आम्ही लगेच करून घेतला. चाचणी कशी घ्यायची ते नंतर ठरवले. आमची तीच पद्धत आहे.

जागा एक आणि उमेदवार दोन, तेही एकाच घरातले: एक वहिनी आणि तिचा दीर. वहिनीच्या नवऱ्याच्या कारखान्याला कुलूप लागले होते, तेव्हा तिची चूल या व्हॅनवर पेटायची होती. दिराला गाडीची हौस होती. (हौसेला मोल नसते म्हणतात. गरजेला तर कुणी भावही विचारत नाही.)

नियम ४ (१ ते ३ छत गळून भिजले, वाचता येत नाहीत): पावसाळी चाचणी पाऊस लागणार नाही अशा जागी घ्यावी.

त्यानुसार कार्यालयाचा लांब व्हरांडा हा रस्ता ठरला. चाकांची खुर्ची ही व्हॅन. खुर्ची ढकलणारा शिपाई हे इंजिन. खुर्चीला पुढे खिडकीची एक जुनी काच बांधली आणि बागेची झारी घेऊन माळी तिच्यावर पाणी सोडत बाजूने धावू लागला. पादचारी म्हणून हिशेबनीस चहाचा कप घेऊन मधे उभे राहिले. त्यांना तसे कुणी सांगितले नव्हते. ते रोजच तिथे उभे असतात.

नियम ५: परीक्षकाने छत्री घ्यावी.

वहिनी आधी बसली. व्हरांड्याच्या अर्ध्यात तिने दोन्ही पाय जमिनीला टेकवले.

"पुढचं काही दिसत नाही, साहेब. थांबते मी."

"बाई, दिसत नसेल तर हॉर्न वाजवा."

"हॉर्नने दिसायला लागतं?"

"तुम्हाला नाही. पण समोरच्याला कळतं, की तुम्हाला दिसत नाहीये."

"मग त्याने काय करायचं?"

"ते त्याच्या चाचणीत विचारू," साहेब छत्रीखालून म्हणाले.

खुर्ची हिशेबनीसांच्या हातभर अलीकडे थांबली होती. कपातला चहा हललासुद्धा नाही.

निकाल: अनुत्तीर्ण. वाहन विनाकारण उभे केले. (कारण: पुढचे दिसत नव्हते.)

मग दीर. "बघा हं वहिनी. पाण्याला भ्यायचं नसतं," म्हणाला आणि एका हाताने रुमाल काढून काच आतून पुसू लागला, जी बाहेरून ओली होती. तोंडाने हॉर्न वाजवत तो कपाटाचा कोपरा, कुंडी आणि हिशेबनीस यांना मागे टाकून थेट टोकाला पोचला. हिशेबनीस कचऱ्याच्या टोपलीत बसलेले आढळले.

निकाल: उत्तीर्ण. आत्मविश्वास उत्तम. पादचारी निष्काळजी, त्यास समज देण्यात यावी.

पायऱ्यांवर वहिनी म्हणाली, "भावजी, मागे मुलं बसलेली असतात हो."

"मागेच बसतात ना? मग त्यांना कुठे पुढचं दिसतंय घाबरायला?"

शाळा सुरू झाली तो दिवस धो धो पावसाचा. पालक व्हॅनवर खूश होते. एवढ्या पावसातही ती वेळेच्या आधी दारात हजर. वहिनी मात्र लेकीला एका छत्रीत घेऊन पायी निघाली. शेजारणीने खिडकीतून विचारलेच, "घरचा माणूस व्हॅन चालवतो, आणि तुम्ही चालत?"

"घरचा आहे, म्हणूनच."

चौकात गुडघाभर पाणी होते. मायलेकी एकमेकींना धरून रस्ता ओलांडत होत्या. तेवढ्यात व्हॅन आली. काचेवर नुसते पाणी. पुढे रस्ता आहे, गटार आहे की माणूस आहे, काही कळेना. आणि त्या दिराने जन्मात पहिल्यांदा, कुणी न सांगता, ब्रेक दाबला. व्हॅन मायलेकींच्या हातभर अलीकडे थांबली.

त्याला तिथेच पावसात नापास करायला हवे होते. पण आमचा माणूस पावसात बाहेर पडत नाही. ते काम मागच्या गाडीने केले. तिच्यात आपण होतात. आपल्याला उशीर होत होता, आणि व्हॅनपलीकडचे काहीच दिसत नव्हते.

आपण हॉर्न वाजवलात. पुन्हा वाजवलात. व्हॅन हलेपर्यंत हात उचलला नाहीत.

अभिनंदन. परवाना घेऊन या, शिक्का तयार आहे.